सोलापुरात कण्हेर लावायची आहे? जागेपासून छाटणीपर्यंत सगळं

जुळे सोलापूर, शेळगी, बाळे, होटगी रोड अशा भागांत नवं घर झालं की दोन गोष्टी लगेच जाणवतात. अंगणात सावली नाही आणि नळाला रोज पाणी नाही. रोपवाटिकेत गेलं की गुलाब, मोगरा, शेवंती डोळ्यांत भरतात. हौसेने आणली जातात, आणि मे संपेपर्यंत त्यातली बरीच वाळून जातात. यात लावणाऱ्याच्या हातगुणाचा दोष कमी असतो, निवडीचा जास्त. आपलं गाव पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही जोर सप्टेंबरात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, जमीन भेगाळलेली, बोअरचं पाणी जड. एवढं सगळं सोसून भर उन्हात फुलणारं झुडूप कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर कण्हेर.

महामार्गाच्या दुभाजकात ती लावतात ते उगाच नाही. धूर, धूळ, ऊन सगळं ती सोसते, जनावरं तिच्या ओल्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेडही अडतो. घरी मात्र तिच्याकडून याहून कितीतरी जास्त फूल घेता येतं. पहिलं वर्ष तिला जपायचं. पुढे पाणी आणि खत देताना हात आखडता घ्यायचा, पण छाटणीला कधी कचरायचं नाही. पुढची सगळी माहिती या तीन गोष्टींभोवतीच आहे.

## १. लावायची की नाही, हे आधी ठरवा

कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, बी, चीक, सगळं विषारी आहे. तिच्यातलं ओलिएंड्रिन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. वाळलेलं पानही तितकंच विषारी राहतं. हे वाचून घाबरून जायचं कारण नाही. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दारात आणि देवळात कण्हेर आहे. पण घरात रांगतं मूल असेल, दिसेल ते तोंडात घालायची सवय असलेलं लेकरू असेल, किंवा शेळी-म्हैस अंगणातच बांधत असाल, तर दोन-तीन वर्षं थांबा आणि तोवर जास्वंद लावा. हे मी मनापासून सांगतोय.

लावायचं ठरलं, तर घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, एवढं सांगून ठेवा:

- फुलं तोडल्यावर, फांदी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही.
- पूजेचं फूल पिंडीवर वाहायचं, पण तीर्थाच्या भांड्यात किंवा नैवेद्याच्या ताटात ठेवायचं नाही. अभिषेकाचं पाणी तीर्थ म्हणून घेणार असाल, तर त्या पूजेत कण्हेर अभिषेक झाल्यावरच वाहा.
- कण्हेरीचं निर्माल्य गाईपुढे टाकायचं नाही.
- काडीने दात घासायचे नाहीत, फांदी चुलीत किंवा शेकोटीत घालायची नाही. तिचा धूरही अपायकारक आहे.
- मूळ उगाळून लावणं, पाल्याचा काढा करणं असले घरगुती उपाय कुणी कितीही खात्रीने सांगितले तरी करायचे नाहीत.

चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर मळमळ, उलट्या, पोटदुखी, चक्कर, नाडी मंद होणं किंवा अडखळणं ही लक्षणं दिसतात. लक्षणांची वाट बघू नका. मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठा, आणि सोबत झाडाची छोटी फांदी पिशवीत घालून न्या, म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेलं ते लगेच कळेल.

## २. जागा

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन, ही पहिली अट. सावलीत कण्हेर मरत नाही, पण उंच, किडकिडीत वाढते आणि फुलत नाही. सोलापुरात उन्हाची कमतरता नाही, तरी दोन घरांच्या मधल्या बोळात किंवा मोठ्या कडुनिंबाखाली लावून लोक वर्षानुवर्षं फुलांची वाट बघत बसतात.

पूर्ण वाढलेली साधी कण्हेर आठ ते बारा फूट उंच होते आणि बुडातून अनेक फांद्या काढत जवळजवळ तेवढीच पसरते. म्हणून भिंतीपासून चार-पाच फूट सोडा. कुंपण करायचं असेल तर दोन रोपांत तीन ते चार फूट, एकेकटी लावायची असेल तर सहा ते आठ फूट. फाटकाला अगदी चिकटून लावू नका. गाडी बाहेर काढताना रस्ता दिसला पाहिजे. विहीर, पाण्याचा हौद किंवा उघडी टाकी यांच्यावर तिची पानं-फुलं पडतील अशी जागा टाळा. कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला लावायचं मनात असेल तर तिथे मोकाट शेळ्या आणि शाळेची पोरं दोन्ही येणार हे धरून चाला. मी तरी ती आतल्या बाजूलाच लावावी या मताचा आहे.

## ३. रंग आणि रोप

पांढरी, गुलाबी, तांबडी असे मुख्य रंग. प्रत्येकात एकेरी आणि दुहेरी पाकळ्यांची. महादेवाला पांढरी हवी, देवीला आणि गणपतीला तांबडी, म्हणून बऱ्याच घरांत दोन्ही असतात. दुहेरी गुलाबी कण्हेरीला गोड वास असतो आणि ती दिसते भरगच्च, पण तिची सुकलेली फुलं गळून पडत नाहीत. तपकिरी होऊन फांदीवरच लोंबत राहतात आणि हाताने काढावी लागतात. एकेरी कण्हेर फूल जुनं झालं की स्वतःच टाकून देते. ज्याला रोज झाडाकडे बघायला वेळ नाही, त्याने एकेरीच घ्यावी.

एक फरक नीट लक्षात ठेवा. पिवळ्या, घंटेसारख्या लांबट फुलांची, हिरवी टणक फळं धरणारी बिट्टी हीसुद्धा ‘पिवळी कण्हेर’ म्हणूनच विकली जाते. ते झाड वेगळं आहे. त्याची बी अतिशय विषारी असते आणि गोटीसारखी दिसत असल्याने पोरं ती खेळायला घेतात. लहान मुलांच्या घरात बिट्टी नकोच. आपल्याकडे रोपवाटिकेत तेलुगू बोलणारे माळी ‘गन्नेरू’ आणि कानडी बोलणारे ‘कणगिले’ म्हणतील, तेव्हा फुलाचा रंग आणि पान डोळ्याने बघूनच रोप घ्या. खऱ्या कण्हेरीचं पान लांब, चामड्यासारखं जाड, मधोमध ठळक शिरेचं असतं आणि फांदीवर एका जागी तीन-तीन पानं येतात.

रोप निवडताना उंचीवर जाऊ नका. दीड-दोन फुटांचं, बुडातून दोन-तीन फांद्या असलेलं रोप चार फुटांच्या एकदांडी रोपापेक्षा चांगलं. पिशवी उचलून खाली बघा. मुळं पिशवी फोडून जमिनीत शिरलेली असतील तर उचलताना ती तुटतात आणि रोप घरी आल्यावर मान टाकतं. शेंड्यावर पिवळे कीटक आहेत का तेही बघा. आणि शक्यतो फुलावर असलेलं रोप घ्या, कारण रंगाबाबत रोपवाटिकेतली खात्री आणि प्रत्यक्ष उमलणारं फूल यांचा मेळ बसेलच असं नाही.

## ४. लागणारं साहित्य

खड्ड्यासाठी टिकाव, फावडं, घमेलं. खाली मुरूम कठीण असेल तर पहार. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, साधा चष्मा. छाटणीला धारदार सिकेटर आणि जाड फांद्यांसाठी छोटी करवत. हत्यारं पुसायला स्पिरिट. शेणखत, निंबोळी पेंड, मुरूम किंवा जाड वाळू. आच्छादनाला उसाचं पाचट. पाण्यासाठी एक कच्चा, न रंगवलेला मातीचा माठ, त्याचं कारण पुढे येईलच.

## ५. खड्डा आणि माती

नव्या माणसाची गाडी इथे हमखास अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सोलापूरच्या प्लॉटवर साधारण तीन प्रकारची जमीन भेटते. पहिली भारी काळी. पावसात चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. दुसरी मुरमाड, जिच्यात पाणी ओतलं की दिसेनासं होतं. तिसरी, नव्या वसाहतींत सगळ्यांत जास्त भेटणारी, ती म्हणजे बांधकामाचा राडारोडा टाकून सपाट केलेली. वरून माती दिसते, पण आत विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, चुना. या तिसऱ्या जमिनीत रोप लावायचं असेल तर दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा पूर्ण रिकामा करा आणि निघालेला राडा पुन्हा आत टाकू नका. त्यातला एखाद-दुसरा विटेचा तुकडा चालेल, सिमेंट-चुना चालणार नाही.

खड्डा एप्रिल-मेमध्ये काढून पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्या. भरताना:

- काळी जमीन असेल तर: निम्मी काळी माती, पाव मुरूम किंवा जाड वाळू, पाव जुनं शेणखत.
- मुरमाड असेल तर: निम्मी बाहेरून आणलेली काळी किंवा पोयट्याची माती, पाव तिथलाच मुरूम, पाव शेणखत.

दोन्हींत ओंजळभर निंबोळी पेंड मिसळा. आपल्याकडे नव्या रोपाला वाळवी लागायची भीती असते, ती त्याने कमी होते. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. मुठीत घेतलं तर भुसभुशीत, काळसर, आणि शेणाचा वास नसलेलं. ताजं शेण घातलं तर वाळवी आणि हुमणी (मातीत राहून मुळं खाणारी अळी) दोन्हींना आमंत्रण.

भरण्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच उभं असेल, तर तिथे निचरा नाही. अशा जागी खड्डा आणखी खोल करून उपयोग नाही, उलट तो हौद होतो. त्यापेक्षा जमिनीच्या वर फूटभर उंच मातीचा वरंबा करा आणि रोप त्यावर लावा. कण्हेर दुष्काळ सोसते, पण सप्टेंबरच्या झडीत आठ-आठ दिवस मुळाशी तुंबलेलं पाणी तरण्या रोपाला सोसत नाही. सोलापुरात कण्हेर वाळून मेली असं जेव्हा लोक म्हणतात, तेव्हा बुडाची माती उकरून बघा. बऱ्याचदा मुळं काळी पडून कुजलेली सापडतील.

## ६. लावणी

जूनमधला पहिला चांगला पाऊस होऊन जमीन फूटभर ओली झाली की लावा. जुलै, ऑगस्टही चालतात. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही लावता येते, पण मग लगेच उन्हाळा तोंडावर असतो. मार्च ते मे नवीन रोप लावू नका.

संध्याकाळी लावणी करा. पिशवी ब्लेडने उभी कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. पिशवीत मातीची जी पातळी होती, तीच जमिनीत ठेवा. खोल गाडल्याने झाड घट्ट बसतं हा गैरसमज आहे. चहूबाजूंनी माती टाकून पायाने नाही, तर हाताने दाबा. बुडाशी किंचित उंचवटा आणि त्याच्याभोवती दीड फुटाचं गोल आळं करा, म्हणजे पाणी खोडाला न चिकटता मुळांच्या टोकांकडे जाईल. लावल्या-लावल्या एक बादली पाणी. नंतर आळ्यात चार बोटं जाडीचं पाचट पसरा, खोडापासून वीतभर जागा सोडून. आपल्या जिल्ह्यात ऊस भरपूर, त्यामुळे पाचट मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

रोप हलत असेल तर बांबूची काठी रोवून सुतळीने सैल बांधा. इथे वारं सुटलं की थांबत नाही.

## ७. पाणी

ज्यांच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यांनी त्या हिशोबानेच झाडाला सवय लावायची. रोज थोडं-थोडं शिंपडलं तर मुळं वरच्या थरातच राहतात आणि एखादा आठवडा पाणी चुकलं की झाड कोलमडतं. मोजक्या वेळा, पण भरपूर दिलं की मुळं खाली जातात.

पहिले दोन महिने पाऊस नसेल तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी एक बादली. त्यानंतर पहिला उन्हाळा संपेपर्यंत आठवड्याला दोन बादल्या, मे महिन्यात गरज वाटली तर आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. तिसऱ्या वर्षापासून जमिनीतली कण्हेर पाण्याशिवायही जगते. फुलं हवी असतील तर मात्र उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा आळं भरा.

पाणी द्यायचं की नाही हे वरची माती बघून ठरवू नका. काळ्या जमिनीला वर भेगा पडलेल्या असतात आणि वीतभर खाली ओल असते. घरातली एखादी जुनी सळई आळ्यात वीतभर खुपसा आणि बाहेर काढा. टोकाला माती चिकटली असेल तर पाणी नको. भेगा मात्र तशाच राहू देऊ नका. त्यांतून ओल उडून जाते आणि बारीक मुळं तुटतात. ज्वारीच्या रानात त्यासाठीच कोळपणी करतात. आपण खुरप्याने वरची माती हलवून भेगा बुजवायच्या आणि वर पुन्हा पाचट टाकायचं.

आता तो माठ. पाच-सात लिटरचा कच्चा माठ रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा. नळाला पाणी आलं की भरा आणि झाकणी घाला. मातीला जशी ओढ असेल तसं पाणी झिरपत राहतं आणि मुळं त्या दिशेने वळतात. पहिल्या उन्हाळ्यासाठी याच्याइतकी स्वस्त आणि भरवशाची सोय मला दुसरी दिसत नाही. झाकणी विसरू नका, उघड्या माठात डास होतात आणि डेंग्यूची साथ आपल्याला नवी नाही.

बोअरचं जड पाणी चालतं का? कण्हेरीला चालतं. क्षार सोसणाऱ्या झुडपांत तिची गणना होते. घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं टाकाऊ पाणीही जमिनीतल्या मोठ्या झाडाला घालता येतं, कुंडीतल्या नाही. एसीचं पाणी कुंडीला द्या, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

## ८. खत

थोडक्यात: वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि छाटणीनंतर, एक घमेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड. बास. युरिया नको. युरियाने पानं लुसलुशीत होतात, फुलं कमी येतात आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा जमतो.

## ९. छाटणी

कण्हेरीला फूल येतं ते नव्या फुटव्याच्या टोकाला. म्हणजे जितके नवे फुटवे, तितके गुच्छ. न छाटलेली कण्हेर दरवर्षी उंच जाते, फुलं डोक्याच्या वर जातात आणि खाली नुसत्या उघड्या काठ्या राहतात. तरीही लोक कात्री लावायला घाबरतात, कारण फुलतं झाड कापवत नाही.

यावर मी एक साधा नियम पाळतो. महाशिवरात्र झाली की छाटणी. तोवर पूजेला फुलं मिळालेली असतात, थंडी सरलेली असते आणि उन्हाळ्याची उब सुरू होत असते. नवे फुटवे दोन-तीन आठवड्यांत डोळे उघडतात, मे-जूनमध्ये कळ्या धरतात आणि श्रावणातल्या सोमवारांना झाड भरून येतं. आषाढात छाटणी केली तर श्रावण फुलांविना जाईल, म्हणून तेव्हा फक्त वाळक्या काटक्या काढा.

कापायचं कुठे? फांदी जवळ घेऊन बघा. तीन पानं एका गोलात फुटलेली दिसतील, त्याच्या वर थोडी मोकळी फांदी, मग पुन्हा तीन पानांचा गोल. प्रत्येक पानाच्या बगलेत टाचणीच्या डोक्याएवढा डोळा असतो. गोलाच्या पाव इंच वर, किंचित तिरका काप द्या. वरचं टोक गेलं की खालचे ते डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी दोन-तीन फुटवे येतात. दोन गोलांच्या बरोबर मध्ये कापलं तर वरचा तुकडा वाळून खुंट राहतो.

दरवर्षी प्रत्येक फांदीचा साधारण एक तृतीयांश भाग काढा. फांद्या एकाच उंचीवर सपाट न कापता बाहेरच्या थोड्या खाली, आतल्या थोड्या वर ठेवा, म्हणजे झुडूप खालपासून भरतं. एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या बुडातून काढा. बरीच वर्षं न छाटलेलं, रानटी झालेलं झाड वारशात मिळालं असेल तर ते जमिनीपासून फूट-दीड फुटावर सरसकट कापलं तरी पुन्हा फुटतं. मन धजत नसेल तर दरवर्षी सर्वांत जुन्या एक तृतीयांश फांद्या बुडातून काढा, तीन वर्षांत झाड नवं होतं. फुलं ओसरल्यावर लांब जोडशेंगा लागतात, त्याही काढून टाका. बी धरण्यात झाडाची ताकद जाते आणि बियांपासून आलेलं रोप आईसारखंच निघेल याची खात्री नसते.

छाटलेल्या पाल्याचं काय करायचं, हा प्रश्न छाटणीइतकाच महत्त्वाचा आहे. ओला पाला कडू असतो म्हणून जनावर टाळतं. तोच वाळला आणि कडब्यात किंवा वाढ्यात (उसाच्या हिरव्या शेंड्यांत) मिसळला गेला, तर कडूपणा कमी जाणवल्याने जनावर खातं आणि थोड्याशा पाल्यानेही दगावू शकतं. म्हणून पाला गोळा करताना एकही फांदी मागे ठेवू नका, गोठ्याच्या किंवा गंजीच्या बाजूला ढीग करू नका, जाळू नका, भाजीपाल्याच्या खतात घालू नका. पोत्यात भरून, तोंड बांधून घंटागाडीत द्या आणि आत काय आहे ते सांगा. शेतात जागा असेल तर खोल खड्ड्यात पुरा.

## १०. कीड आणि पिवळी पानं

पिवळा मावा. कोवळ्या शेंड्यावर आणि कळ्यांच्या देठांवर हळदीच्या रंगाचे, काळ्या पायांचे बारीक कीटक दाटीने बसलेले दिसले की तोच. रुईच्या झाडावरही हाच असतो. घाबरण्यासारखं काही नाही. पाइपच्या जोरदार धारेने दोन-तीन दिवस धुऊन काढा. तरी राहिला तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण घोटून संध्याकाळी फवारा. भर उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात. लाल ढालकिडे दिसत असतील तर फवारूच नका, ते आणि त्यांच्या अळ्या मावा खाऊन संपवतात.

हिरवी मोठी अळी. एका रात्रीत शेंड्याची पानं गायब आणि खाली फरशीवर काळ्या, जाड लेंड्या. वर नीट शोधा. बोटाएवढी हिरवी अळी सापडेल, डोक्याच्या मागे निळे-पांढरे दोन ठिपके, अगदी डोळे वटारल्यासारखे. ती चावत नाही. पुढे तिचा हिरव्या-गुलाबी नक्षीचा सुंदर पतंग होतो. दोन-चार असतील तर मी त्या राहू देतो, झाड पुन्हा फुटतं. रोप लहान असेल तर हातमोजे घालून उचलून लांब टाका. तगर आणि सदाफुलीवरही त्या येतात.

खवले कीड, पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा, जास्त असेल तर ती फांदीच कापा.

पिवळी पानं. आतली, जुनी पानं अधूनमधून पिवळी होऊन गळणं साहजिक आहे. पण शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पानांवर फवारा. त्याऐवजी हिराकस (फेरस सल्फेट) वापरणार असाल तर फरशी आणि भिंत झाका, त्याचे तांबूस डाग निघत नाहीत.

फांदीवर गाठी. फांदीला किंवा कळ्यांना खडबडीत फोडासारख्या गाठी आल्या तर तो जिवाणूजन्य रोग. गाठीच्या वीतभर खाली कापा आणि प्रत्येक कापानंतर सिकेटर स्पिरिटने पुसा.

कळ्या येत नसतील तर औषध शोधत फिरण्याआधी विचारा: ऊन पुरेसं आहे का, युरिया पडतोय का, छाटणी चुकीच्या महिन्यात झाली का. उत्तर बहुधा या तिघांतच मिळतं.

## ११. गच्चीवर, कुंडीत

ठेंगण्या जातीची घ्या. कुंडी किमान सोळा इंची, खाली तीन-चार भोकं, त्यांवर खापराचे तुकडे. निव्वळ काळी माती कुंडीत भरू नका, ती आकसून कडेने सुटते आणि पाणी त्या फटीतून तसंच वाहून जातं. तांबडी माती, शेणखत आणि मुरूम सारख्या प्रमाणात घ्या. कुंडीतली कण्हेर जमिनीतल्यासारखी तहान सोसत नाही, एप्रिल-मेमध्ये रोज संध्याकाळी पाणी लागतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर जमला तर ते क्षार आहेत. महिन्यातून एकदा भोकांतून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी द्या. दोन-तीन वर्षांनी छाटणीच्या वेळी झाड काढून मुळांचा कडेचा थर कापा आणि ताज्या मातीत पुन्हा लावा. तापलेल्या गच्चीवर कुंडी थेट न ठेवता दोन विटांवर ठेवा.

## १२. फांदीपासून नवी रोपं

छाटणीतल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, ना कोवळ्या ना जून, अशा फांद्या निवडा. सहा ते आठ इंचांचे तुकडे, खालचा काप पानांच्या गोलाच्या लगेच खाली. वरची तीन-चार पानं ठेवून बाकीची काढा, ठेवलेली पानंही निम्मी कापा. वाळू आणि माती समप्रमाणात भरलेल्या पिशवीत निम्मा तुकडा खोचा आणि सावलीत ठेवून ओल राखा. जून ते ऑगस्टमध्ये यश जास्त येतं. फेब्रुवारी-मार्चमध्येही लागतात, फक्त उन्हाच्या झळा लागू द्यायच्या नाहीत.

बाटलीतल्या पाण्यातही कण्हेरीला मुळं फुटतात आणि मुलांना ते बघायला आवडतं. पण ते पाणीही विषारी होतं. बाटली उंच, बंद कपाटाच्या काचेआड ठेवा, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि जुनं पाणी सरळ गटारात ओता, मांजराच्या किंवा पक्ष्यांच्या भांड्याजवळ नको. तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळं दोन बोटं लांब झाली की पिशवीत लावा. पिशवीत नवी पानं फुटून हलकेच ओढल्यावर रोप घट्ट लागलं, की आठवडाभर सकाळचं ऊन दाखवून मग जागेवर हलवा. शेजाऱ्यांना रोप देणार असाल तर त्यांच्या घरात लहान मूल किंवा दावणीला जनावर आहे का हे आधी विचारा, आणि पहिल्या मुद्द्यातल्या सूचना त्यांना तोंडी सांगूनच रोप हातात द्या.